मुंबईचे जुने जहाज आणि सेवेची अल्प मुदत

ज्या ‘व्हिक्टोरिया’ नामक इटालियन जहाजाने एके काळी इटलीहून मुंबई बंदरापर्यंत उतारूंची ने-आण केली, तेच १९७८ साली ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या संस्थापकांनी विकत घेऊन कालांतराने त्याचे ‘अनास्तासिस’ हे तरते रुग्णालय केले, ही हकीकत मला फार मोलाची वाटते. आज त्या संस्थेच्या ‘ग्लोबल मर्सी’ जहाजावर अल्प मुदतीसाठी जाणारे शल्यविशारद, परिचारिका, इतकेच नव्हे तर आचारी व सुतारही, वेतन तर घेत नाहीतच, उलट निवासभोजनाचा खर्च स्वतः सोसतात. आणि एखाद्या रुग्णाच्या चेहऱ्यावरील अवजड गाठ काढताना रक्ताची निकड भासलीच, तर स्वयंपाकघरातला सेवेकरीही बाही सरसावून रक्तदानास हजर होतो. काही पदांना थोड्या आठवड्यांची मुदतही पुरते. जहाज ज्या बंदरात थांबते तिथल्या स्थानिक वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण मात्र दीर्घकाळ चालते, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते.