गाडी मागच्या पायांची, हिशेब पुढच्या पायांचा

आजाराची पहिली चाहूल बहुतेकदा कानाला लागते. कुत्रं चालताना फरशीवर नखं घासल्याची खरखर ऐकू येते. मागचा पंजा उचलून पाहिला तर मधल्या दोन बोटांची नखं झिजून बोथट झालेली दिसतात. पशुवैद्य अशा वेळी एक साधी तपासणी करतात. कुत्र्याला आधार देऊन उभं करायचं आणि मागचा एक पंजा उलटा, म्हणजे वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवायचा. निरोगी कुत्रं क्षणात पंजा सरळ करतं. पायाची खबर मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत नीट पोचत नसेल, तर ते तसंच उभं राहतं. पंजा उलटा पडलाय, याचा त्याला पत्ताच नसतो.

अशा कुत्र्यांसाठी चाकांची गाडी बनवण्याचा उद्योग अमेरिकेत साठ वर्षांहून जुना आहे. लिंकन पार्क्स या पशुशल्यचिकित्सकांनी १९६१मध्ये ‘के-नाइन कार्ट्स’ची सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्समधल्या एड ग्रिनेल या मेकॅनिकल इंजिनिअरने १९८९मध्ये आपल्या ‘बुद्धा’ नावाच्या डॉबरमनसाठी स्वतःच गाडी तयार केली आणि त्यातूनच पुढे शेलबर्न फॉल्स गावात ‘एडीज व्हील्स’ ही कंपनी उभी राहिली. न्यू हॅम्पशायरच्या ‘वॉकिन व्हील्स’ने वेगळी वाट धरली. त्यांची चौकट घडी होते आणि तिची उंची, लांबी, रुंदी कमीजास्त करता येते. आज गिऱ्हाइकासमोर मुख्यतः हेच दोन पर्याय असतात: मापानुसार शिवलेल्या कपड्यासारखी एकाच कुत्र्यासाठी बनवलेली गाडी, किंवा जुळवून घेता येणारी तयार गाडी. दोन्हींची किंमत साधारण काही शे डॉलरच्या घरात जाते. त्यामुळे भाड्याने किंवा वापरलेली गाडी घेणारेही पुष्कळ आहेत.

आधी आजार, मग गाडी

मागचे पाय लुळे पडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि निवड त्यावरच ठरते. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली गादी फार लवकर कोरडी आणि कडक होते. मग एखाद्या दिवशी ती फुटते आणि आतला भाग मज्जारज्जूवर दाबतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या डॅनिका बनाश यांच्या गटाने २०१७मध्ये याचं एक आनुवंशिक कारण दाखवून दिलं: १२व्या गुणसूत्रावर येऊन बसलेली एफजीएफ-४ या जनुकाची जादा प्रत. या आजारात शस्त्रक्रियेनंतर बरीच कुत्री पुन्हा चालू लागतात. बोट चिमट्यात जोरात दाबल्यावर कुत्र्याला वेदना कळते की नाही, यावरून डॉक्टर बरं होण्याचा अंदाज बांधतात. इथे गाडी कदाचित काही महिन्यांपुरतीच लागेल. ताज्या दुखापतीत पाठीला विश्रांती हवी असते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गाडीची घाई करू नये.

दुसरा आजार डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. जर्मन शेफर्ड, बॉक्सर, पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी या जातींत तो विशेष आढळतो. साधारण आठ वर्षांनंतर मागचे पाय लडखडू लागतात. कुत्र्याला दुखत नाही, पण आजार थांबतही नाही. मिसुरी विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००९मध्ये याचा धागा एसओडी-१ या जनुकातल्या दोषापर्यंत नेला. माणसांतल्या एएलएस या आजाराच्या काही रुग्णांतही याच जनुकात बिघाड असतो. हा आजार मागून पुढे सरकतो. म्हणजे आज मागच्या पायांसाठी घेतलेली गाडी उद्या पुरेलच असं नाही. अशा कुत्र्यासाठी नंतर पुढेही चाकं जोडता येतील अशी चौकट घेणं शहाणपणाचं.

पुढचेच पाय नसतील तर गणित उलटं होतं. २०१४मध्ये इंडियानापोलिसमध्ये ‘टर्बो रू’ नावाचं चिवावा जातीचं पिल्लू गाजलं होतं. त्याला जन्मतःच पुढचे पाय नव्हते. खेळण्यांचे सुटे भाग जोडून त्याची पहिली गाडी झाली आणि पुढे थ्री-डी प्रिंटरवर छापलेली गाडी त्याला मिळाली.

भार जातो कुठे?

उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या. मागचे पाय गेले की हा मागचा वाटा चाकं उचलतात, पण गाडी ओढायचं काम पुढच्या पायांवर येतं. म्हणून मालकाची नजर लुळ्या पायांवर असली तरी निर्णय पुढचे खांदे, कोपरं आणि मान बघून घ्यायचा. कोपरात संधिवात असेल किंवा मानेच्या मणक्यांत दोष असेल, तर दोन चाकांची गाडी त्रासच वाढवील.

चाकांच्या आसाची जागा इथे कळीची ठरते. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: माल पुढे रचला की बैलांच्या मानेवर ओझं येतं, मागे रचला की गाडी उलार होते. कुत्र्याच्या गाडीतही आस कमरेच्या फार मागे असला तर खांद्यावरचं जू खाली दाबतं. आस थोडा पुढे घेतला की मागचं वजन तोल साधतं आणि पुढचा भार हलका होतो.

हिशेब करून पाहू. कुत्रं २० किलोचं, पुढच्या आणि मागच्या पायांतलं अंतर ५० सेंमी. ६०-४० च्या वाटणीनुसार गुरुत्वमध्य पुढच्या पायांपासून २० सेंमी मागे येतो. आस बरोबर मागच्या पायांच्या जागी, म्हणजे ५० सेंमीवर असेल, तर चाकांवर ८ किलो आणि पुढच्या पायांवर १२ किलो. आस १० सेंमी पुढे आणला की दोन्हीकडे दहा-दहा किलो. गाडीचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, पण केवळ आस सरकवल्याने पुढच्या पायांचं दोन किलो ओझं कमी झालं. मात्र तो आणखी पुढे रेटत गेलं तर गाडी डुगडुगू लागते आणि पुढच्या पंजांची जमिनीवरची पकड सुटते.

टेप लावताना

माप घेताना कुत्रं आडवं किंवा बसलेलं नको. एकाने पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग नेहमीच्या उंचीवर धरावा, दुसऱ्याने टेप लावावा. पोट आणि मांडी जिथे मिळतात त्या घडीपासून जमिनीपर्यंतची उंची सर्वांत महत्त्वाची. पाय मुडपून पडलेला असेल तर तो हळूच सरळ करून माप घ्यावं. त्याशिवाय काखेपासून मागच्या मांडीपर्यंतची लांबी, कमरेची सर्वांत जास्त रुंदी आणि वजन लागतं. प्रत्येक कंपनी मापं आपापल्या पद्धतीने मागते, म्हणून एकीसाठी घेतलेली मापं दुसरीला पाठवू नयेत. बाजूने आणि मागून काढलेला चालतानाचा व्हिडिओ सोबत दिला तर आकड्यांत न दिसणारा कल बनवणाऱ्याला दिसतो.

गाडी आली की बाजूने पाहावं. पाठ सरळ, म्हणजे खांदे आणि कंबर आपल्या स्वाभाविक रेषेत हवीत. कंबर उंच राहिली तर वजन पुढे ढकललं जातं, खाली राहिली तर पाठीला बाक येतो. मागून पाहिल्यावर कंबर दोन्ही चाकांच्या मधोमध दिसावी. चौकटीचे दांडे कोपराला घासता कामा नयेत आणि छातीचा पट्टा खांद्याच्या सांध्यावर चढता कामा नये. जांघेखालच्या आधाराने शी-शूला अडथळा येत नाही ना, तेही पाहावं. मागच्या पायांत थोडी हालचाल शिल्लक असेल तर पंजे जमिनीला टेकू द्यावेत, म्हणजे पाऊल टाकण्याचा सराव होत राहतो. पंजे नुसते फरफटत असतील तर ते पट्ट्यांत अडकवून वर ठेवावेत.

पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं, खाऊचं आमिष आणि मोकळं अंगण एवढं पुरे. गाडीत कुत्र्याला आडवं होता येत नाही, म्हणून गाडी लावून त्याला एकटं सोडू नये. आपली रुंदी वाढल्याचं त्याला ठाऊक नसतं आणि ते दाराच्या चौकटीत अडकतं. गाडी काढल्यावर दर वेळी जांघ आणि काख बोटांनी चाचपावी. संवेदना गेलेली कातडी सोलवटली तरी कुत्रं कुरकुरत नाही. लालसर डाग दिसला की गादी बदलावी किंवा पट्टा हलवावा.

गाडीने काय साधतं याची मर्यादाही ओळखावी. लघवी आपोआप होत नसेल तर मूत्राशय हाताने रिकामं करणं सुरूच राहतं. गाडी मज्जारज्जू दुरुस्त करत नाही, पण हालचालीचं मोल मोठं आहे. डीजनरेटिव्ह मायलोपॅथीचा संशय असलेल्या २२ कुत्र्यांचा एक अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर फिजिओथेरपी मिळालेली कुत्री सरासरी २५५ दिवस जगली, मध्यम मिळालेली १३० आणि अजिबात न मिळालेली ५५. अभ्यास लहान आहे, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि तो गाडीबद्दल नव्हता. तरी ‘आता चालवून काय उपयोग’ असं म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत.

एकदा बसवली की गाडीचं काम संपत नाही. मांडीचे स्नायू आटतात, वजन बदलतं, खांदे भरतात. तेव्हा दर काही आठवड्यांनी बाजूने एक फोटो काढून जुन्या फोटोशी ताडून पाहावा. पाठीची रेषा बदलली असेल तर उंची आणि आस पुन्हा जुळवावेत. पुढचे पंजेही घासू लागले असतील, तर चार चाकांबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली असं समजावं.