परसातला काजू आणि कुंपणावरची कळलावी

जुळत आलेल्या कामात कुणी खोडा घातला, की त्याने ‘बिब्बा घातला’ असे मराठीत म्हणतात. दोन माणसांत भांडण पेटवून दिले, की ‘कळ लावली’ म्हणतात. पहिल्या वाक्प्रचारामागे कातडीवर फोड आणणारे एक फळ आहे. दुसरा तर एका वेलीच्या नावातच जाऊन बसला आहे. गंमत अशी, की बिब्ब्याचा सख्खा नातेवाईक काजू आपण हौसेने परसात लावतो आणि कळलावी मात्र घरी लावली तर घरात भांडणे होतात, असे जुनी माणसे सांगत आली. भांडणाचे सोडून देऊ. पण ती वेल अंगणापासून लांब ठेवण्यामागे जुन्या माणसांच्या हाती काही अनुभव असणार, एवढे मानायला जागा आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात रोपवाटिकांसमोर गाड्या थांबू लागतात. नोकरी संपवून गावी घर बांधलेल्यांना पाच-सहा गुंठ्यांत काहीतरी लावायचे असते. काजूचे कलम तर हवेच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या जाती आता घरोघरी माहीत आहेत आणि कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी धरू लागते. त्याच्या जोडीला फुलझाड हवे, एकदा लावले की दरवर्षी आपले आपण उगवणारे. अशा वेळी कळलावीचे नाव निघते. अलीकडे तिचे कंद फुलांसाठी विकतही मिळतात. फूल आहेच तसे. हिरवट पिवळ्या पाकळ्या वर वळतात, मग केशरी होतात, शेवटी लालभडक. पानांची टोके ताणून वेल कुंपणाला धरून चढते. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा कोकणातल्या अनेक घरांत ही फुले सजावटीत असतात. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे.

दोन्ही झाडांत विष आहे. फरक आहे तो ते विष कुठे आहे आणि आपल्याला कधी कळते यात.

काजूचे विष टरफलात असते. बीच्या दोन सालींमधल्या जाळीदार थरात एक काळपट, चिकट तेल असते. त्यातली ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही द्रव्ये कातडी भाजून काढतात. आंबा, बिब्बा, पिस्ता आणि काजू हे एकाच कुळातले. त्यामुळे आंब्याच्या चिकाने ज्याचे ओठ उलतात, त्याने काजूच्या टरफलाशीही जपून वागावे. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालपटे निघालेली कोकणात सर्वांनी पाहिलेली असतात. त्या राख किंवा खोबरेल लावून बसतात, ते योग्यच आहे. हे तेल पाण्याने जात नाही. आधी खोबरेलाने पुसून मग साबणाने हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये. काजू भाजतानाचा धूरही तसाच. परसात, उघड्यावर, वाऱ्याच्या पाठीला बसून भाजावा. बंद स्वयंपाकघरात भाजला तर डोळे आणि श्वासनलिका दोन्ही चुरचुरतात आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर रात्र धावपळीत जाते.

एवढे सारे असले तरी हा शत्रू समोरून येणारा आहे. टरफल दाताने फोडू पाहणाऱ्या मुलाचे ओठ लगेच जळतात आणि ते रडत बी टाकून देते. सांगायला डॉक्टर लागत नाही. आत सुरक्षित असलेला गर मात्र उत्तम अन्न आहे. शंभर ग्रॅम काजूत साधारण १८ ग्रॅम प्रथिने आणि ५५०हून अधिक कॅलरी असतात. काजूने कोलेस्टेरॉल वाढते हा समज अजून जात नाही. वनस्पतिजन्य कुठल्याच पदार्थात दखल घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते. वजन वाढते ते मूठ मोजली जात नाही म्हणून आणि रक्तदाब वाढतो तो खारवलेल्या काजूच्या मिठाने. बोंडूत तर संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते आणि आपण तो झाडाखाली कुजू देतो.

काजूबाबत दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नयेत. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते. एखादा गर खाल्ल्यावर मिनिटांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, घशाशी आवळणे, चक्कर येणे असे झाले तर थेट रुग्णालय गाठावे. अशा माणसाने पिस्ताही टाळावा. दुसरी गोष्ट पाच वर्षांखालच्या मुलांची. त्यांना अख्खा काजू देऊ नये, कूट करून द्यावा. हसता-खेळताना गराचा तुकडा श्वासनलिकेत जातो, ठसका लागतो, मग थांबतो आणि घरचे विसरतात. आठवडाभराने ‘न बरा होणारा खोकला’ म्हणून मूल रुग्णालयात येते आणि दुर्बिणीने तो तुकडा काढावा लागतो.

ठसका थांबला म्हणजे संकट टळले असे वाटते, ते काजूच्या बाबतीत क्वचित घडते. कळलावीच्या बाबतीत हाच नियम आहे.

संस्कृतात तिला लांगली म्हणतात, कारण तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले आहे. तिच्या सर्वांगात कॉल्चिसिन नावाचे द्रव्य आहे, विशेषतः कंदात आणि बियांत. पेशी दुभंगून दोन होताना तिच्या आत जे सूक्ष्म तंतू तयार व्हावे लागतात, ते कॉल्चिसिन होऊ देत नाही. विभाजन अर्ध्यावर थांबते. मग ज्या पेशी सतत नव्या होत असतात त्यांनाच पहिला फटका बसतो: आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे. गाउटच्या सांधेदुखीवर हेच द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून दिले जाते आणि तमिळनाडूत शेतकरी औषधासाठी म्हणून कळलावीच्या बियांचे पीक घेतात. पण औषध आणि विष यांतले अंतर इतके कमी आहे, की मूत्रपिंड नाजूक असलेल्या रुग्णाला ही गोळी देतानाही डॉक्टर दोनदा विचार करतात. वजनाच्या दर किलोमागे ०.८ मिलिग्रॅमहून अधिक पोटात गेले, तर रुग्ण वाचणे फार कठीण. दहा किलोच्या मुलासाठी हा आकडा आठ मिलिग्रॅम होतो. त्याहून कमी मात्रेनेही मृत्यू झालेले आहेत. आणि कंदाच्या कुठल्या तुकड्यात किती विष आहे, हे घरी कुणालाच मोजता येत नाही.

कंद पोटात जातो तो बहुधा तीन वाटांनी. कणगर किंवा रताळे समजून खणला जातो, हा पहिला अपघात. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही. दुसरी वाट गावठी औषधाची. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरण्याची चाल जुनी आहे, नावही त्यावरूनच आले असे मानतात. सापावर उतारा म्हणूनही कंद उगाळून देतात. साप चावलेल्या माणसाला प्रतिसर्प लसीची गरज असते. त्याच्या पोटात दुसरे विष घालून तास-दोन तास दवडणे म्हणजे दुहेरी मरण. तिसरी वाट आत्मघाताची. श्रीलंकेत या कंदाने झालेल्या विषबाधेच्या अशा अनेक नोंदी आहेत.

पुढे जे होते त्याने अनुभवी डॉक्टरही फसू शकतो. खाल्ल्यावर काही तास काहीच नाही. मग उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. पावसाळ्याचे दिवस, गॅस्ट्रोची साथ चालू. सलाइन लावले जाते, रुग्णाला बरे वाटते आणि घरचे ‘आता सोडा’ म्हणू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धाप लागते, लघवी कमी होते, रक्तदाब खाली येतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, ताप येतो, कुठूनही रक्तस्राव होऊ लागतो. या विषावर हाताशी असा उतारा नाही. ते पेशींत शिरून बसते, त्यामुळे डायलिसिसनेही निघत नाही. पहिल्या तासा-दोन तासांत आलेल्या रुग्णाला औषधी कोळसा देता येतो. नंतर हाती उरते ती शुश्रूषा: श्वास, रक्तदाब, मूत्रपिंड सांभाळत मज्जा पुन्हा कामाला लागण्याची वाट पाहणे. दहा-पंधरा दिवसांनी रुग्णाचे केस गळू लागतात. नातेवाईक घाबरतात, पण तिथवर पोहोचलेला रुग्ण बहुधा वाचलेला असतो आणि केस परत येतात.

म्हणून कळलावीचा तुकडा पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी उलटी होण्याची वाट न पाहता १०८ला फोन करावा आणि वेलीचा पाला, कंद, उरलेली भाजी, जे असेल ते पिशवीत घालून सोबत न्यावे. ‘काय खाल्ले?’ या प्रश्नाचे उत्तर जी तपासणी दोन दिवसांनी देते, ते ही पिशवी दारातच देते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी काढू नये. उलट्या थांबल्या तरी निदान काही दिवस रक्ताच्या तपासण्यांसाठी रुग्णालयात राहावे, मग घरचे कितीही कंटाळोत.

राहिला प्रश्न लावायचे काय. काजू खुशाल लावावा, घराच्या भिंतीपासून सात-आठ मीटर सोडून, कारण तो पसरतो. मोहोराच्या वेळी ढेकण्या कीड आली तर कीटकनाशकाची फवारणी मुलांना घरात घेऊन, तोंड-नाक झाकून करावी. घरच्या झाडावर औषध मारताना माणसे बनियनवर उभी असतात. कळलावी रानात किंवा बांधावर आपली आपण उगवली असेल तर ती उपटण्याचे कारण नाही. फूल हाताळल्याने काही होत नाही, हात धुतले म्हणजे झाले. पण जिथे लहान मुले माती खेळतात तिथे ती लावू नये, आणि जिथे कणगर, सुरण, रताळी आहेत त्या वाफ्याजवळ तर मुळीच नको. हौसच असेल तर वेगळी मोठी कुंडी घ्यावी आणि शेंगा तडकण्याआधी काढून टाकाव्यात. दिवाळीनंतर वेल सुकून जाते, जमिनीवर काही उरत नाही, कंद मात्र खाली असतो. त्या कुंडीवर तेलरंगाने नाव घालून ठेवावे. पुढच्या वर्षी ती माती उकरणारा माणूस दुसराच कुणी असू शकतो.