बुरूज बांधण्यापूर्वीचा हिशेब

हैदराबाद हे शहर शिक्षणाच्या दृष्टीने मराठी माणसाला परके नाही. १९१८ साली येथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत मराठवाड्यातील अनेक तरुण पदवीसाठी हैदराबादची वाट धरीत. पुढे १९८२ साली भारतातील पहिले मुक्त विद्यापीठही येथेच उघडले. आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. पूर्वी विद्यार्थी विद्यापीठाकडे जाई. आता विद्यापीठ त्याच्या घरी येऊ लागले. ऑनलाइन अभ्यासक्रम हे त्याच वाटचालीतील पुढचे पाऊल होय.

मात्र उघडे दिसणारे प्रत्येक दार आपल्यासाठी असतेच असे नाही. आमच्या मंडळीतील एका तरुणाने कर्ज काढून एका संस्थेचे शुल्क भरले आणि त्यानंतर तो सल्ल्यासाठी आला. त्या पदवीस मान्यताच नव्हती. त्या वेळी लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आठवला. प्रभू येशू तेथे शिष्यत्वाची किंमत सांगत आहे, हे खरे. तथापि आधी बसून हिशेब करावा, हे शहाणपण येथेही लागू पडते.

पहिला हिशेब मान्यतेचा. ऑनलाइन पदवी देण्यास कोणत्या विद्यापीठांना अनुमती आहे, याची यादी विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतो. प्रवेशाच्या सत्रासाठी आपला अभ्यासक्रम तीत आहे की नाही, हे स्वतः पाहावे. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये. वैद्यक, परिचर्या, अभियांत्रिकी, कायदा यांच्या पदव्या ऑनलाइन देण्यास आयोगाची अनुमती नाही.

दुसरा हिशेब शक्तीचा. २०१७ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'स्वयम्' उपक्रमात विनामूल्य शिकता येते. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. असा एखादा छोटा अभ्यासक्रम प्रथम पूर्ण करावा. नोकरी सांभाळून रोज अभ्यास होतो की नाही, हे त्यातून कळते. मोठ्या शुल्काचा विचार त्यानंतर करावा.

तिसरा हिशेब हेतूचा. करिंथ येथे पौल तंबू करण्याचा धंदा करीत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात आले आहे. हातातील कसबाने त्याच्या सेवेला कमीपणा आला नाही. उलट आधार मिळाला. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्याने किंवा संगणक शिकणाऱ्याने स्वतःस विचारावे : या कौशल्याने माझे घर सावरेल काय, आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल काय?

पाळकांनी तरुणांना उत्तेजन अवश्य द्यावे. पण अर्जावर सही होण्यापूर्वी त्यांच्यासमवेत हा हिशेब करण्यास बसावे. तीही मेंढपाळाची सेवाच आहे.