उघडा स्टीम पाइप आणि वारा : महिन्याला किती सिलेंडर हवेत जातात?

सॉस, जॅम किंवा पल्पचं युनिट टाकताना बॉयलर बाहेर शेडमध्ये आणि स्टीम केटल आत, अशी मांडणी बरेच जण करतात. मधला पाइप उघड्यावर. "लॅगिंग नंतर बघू, आधी प्रॉडक्शन सुरू होऊ दे" म्हणत तो वर्षभर तसाच राहतो. हे "नंतर" केवढ्याला पडतं, ते आज काढूया.

सूत्र सोपं आहे: पाइपचं बाहेरचं क्षेत्रफळ × पाइप आणि हवेच्या तापमानातला फरक × उष्णता-गुणांक. उत्तर वॅटमध्ये येतं.

समजा २ इंची पाइप, लांबी १० मीटर. २ इंच हे नुसतं नाव हं, बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो. क्षेत्रफळ झालं १.९ चौरस मीटर. आत १५० अंशांची वाफ, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास प्रेशर. लोखंड उष्णता सहज सोडतं, म्हणून बाहेरचा पृष्ठभागही १५०च धरा. हवा ३० अंश. फरक १२०.

खरी गंमत गुणांकात आहे. हवा स्थिर असेल तर तो साधारण १८ येतो: ९ हवेमार्फत, ९ किरणांनी. पण ताशी ११ किलोमीटरचा वारा, म्हणजे नुसती पानं सळसळतात तेवढा, आडवा लागला की हवेचा भाग ९ वरून २४ वर जातो. किरणांचा तेवढाच राहतो. एकूण ३३.

स्थिर हवेत: १.९ × १२० × १८ = ४.१ किलोवॅट.
वाऱ्यात: १.९ × १२० × ३३ = ७.५ किलोवॅट.

(वारा दुप्पट झाला तर हवेचा भाग दुप्पट नाही, साधारण दीडपट होतो. तेवढाच दिलासा!)

आता पैशात बोलू. ७.५ किलोवॅट आठ तास म्हणजे ६० युनिट उष्णता. बॉयलर एलपीजीवर आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर रोज साडेपाच किलो गॅस. १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर साडेतीन दिवसांत संपला, आणि त्यातून एक बाटलीही सॉस निघाला नाही. महिन्याचे २६ दिवस धरा, साडेसात सिलेंडर. तुमच्या गावचा दर लावून बघा, लॅगिंगवाल्याचं कोटेशन लगेच स्वस्त वाटेल.

त्याच पाइपवर ४० मिमी रॉकवूल चढवलं की नुकसान ४०० वॅटच्या आसपास येतं. रोजचा गॅस ३०० ग्रॅम. शिवाय मग वाऱ्याने फारसा फरकच पडत नाही, कारण उष्णता लोकरीतच अडते, बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत थोडीच पोचते.

पण रॉकवूल कोरडं पाहिजे. पावसात भिजलं की निम्मं काम गेलंच समजा. म्हणून वरून ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग घ्याच, आणि त्याचा जोड खालच्या बाजूला येऊ द्या, म्हणजे पाणी आत शिरत नाही. व्हॉल्व्ह आणि फ्लँज बरेचदा उघडे सोडले जातात. त्यांच्यासाठी काढता-घालता येणारी जॅकेटं मिळतात, ती कोटेशनमध्ये वेगळी लिहून मागा.