हळदीचे रसायनशास्त्र

कुर्कुमा लाँगा या वनस्पतीच्या वाळविलेल्या कंदातील द्रव्ये, त्यांचे गुणधर्म व त्यांच्यात होणारे बदल यांचा अभ्यास. मिश्रण व संयुग, भौतिक व रासायनिक बदल, अम्ल व क्षार ही रसायनशास्त्राची प्राथमिक भेददर्शने समजून घेण्यास हे परिचित द्रव्य फार सोयीचे आहे. सांगलीची हळदपेठ प्रसिद्ध असून सातारा जिल्ह्यातही वाई, कराड या भागांत हळदीचे पीक निघते. सांगलीजवळील कसबे डिग्रज येथे हळद संशोधन केंद्र असून ‘सांगलीची हळद’ या नावास २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.

हळकुंड हा शुद्ध पदार्थ नव्हे. त्यात स्टार्च सर्वांत जास्त असून त्याखेरीज तंतू, प्रथिने, खनिज द्रव्ये, बाष्पनशील तेल व पिवळी रंगद्रव्ये असतात. मिश्रणातील घटकांचे प्रमाण जातीनुसार, जमिनीनुसार व हंगामानुसार बदलते. रंगद्रव्य सामान्यतः २ ते ५ टक्के भरते. संयुगाचे तसे नसते. कुर्क्युमीन हे मुख्य रंगद्रव्य सांगलीच्या हळदीतून काढा की अन्य देशांतील, त्याच्या रेणूत कार्बनाचे २१, हायड्रोजनाचे २० व ऑक्सिजनाचे ६ अणूच आढळतात आणि शुद्ध स्थितीत ते सुमारे १८३° से.ला वितळते. फोगेल व पेल्त्ये यांनी १८१५ मध्ये हे द्रव्य वेगळे केले. परंतु त्याची संरचना निश्चित होण्यास १९१० साल उजाडावे लागले. कुर्क्युमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहॉल व ॲसिटोन यांत विरघळते. म्हणून केवळ पाण्याने हळदीचा डाग जात नाही. त्याउलट डाग पडलेले वस्त्र उन्हात ठेवल्यास तो फिकट होतो, कारण प्रकाशामुळे रंगद्रव्याचा रेणूच मोडतो.

काढणीनंतर कंद पाण्यात उकळतात किंवा वाफेवर शिजवितात व मग उन्हात वाळवून घासून चकचकीत करतात. ओल्या कंदात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग पाणीच असल्याने वाळल्यावर वजन सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. हे पाणी नष्ट होत नाही, बाष्परूपाने हवेत जाते. हा भौतिक बदल. शिजविताना मात्र स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व एकमेकांत मिसळतात, कंदाची अंकुरण्याची शक्ती जाते आणि रंग सर्वत्र सारखा पसरतो. यांपैकी कशाला भौतिक म्हणावे व कशाला रासायनिक, याचे उत्तर शालेय पुस्तकांत वाटते तितके सरळ नाही.

हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे निरीक्षण घरोघरी होते. निरीक्षणापासून नियमाकडे जाण्याचा मार्ग याच उदाहरणावरून दाखविता येईल. साबण क्षारधर्मी असतो. तेव्हा ‘क्षारामुळे हळद लाल होते’ हे गृहीतक मांडता येते. ते खरे असेल, तर चुन्याची निवळी व धुण्याचा सोडा यांनीही हळद लाल झाली पाहिजे व वर लिंबू पिळताच पुन्हा पिवळी झाली पाहिजे. प्रयोगात तसेच घडते (मात्र क्षारात फार वेळ ठेवल्यास कुर्क्युमिनाचे विघटन होते व मूळ रंग पूर्णपणे परत येत नाही). त्यामुळे हळदीच्या अर्कात भिजवून वाळविलेला कागद दर्शक म्हणून वापरतात [⟶ दर्शके]. पण याच गृहीतकाचा उलटा अर्थ, म्हणजे ‘हळद लाल झाली तर तेथे क्षार आहे’, खरा नाही. पारंपरिक रीतीने कुंकू करताना हळकुंडांस टाकणखार व लिंबाचा रस लावतात. लिंबाच्या अम्लाने रंग पिवळा व्हावयास हवा, तरी तो लालच राहतो. टाकणखारापासून अम्लामुळे बोरिक अम्ल तयार होते व त्याचे कुर्क्युमिनाशी लाल संयुग बनते. हा लाल रंग अम्लाने जात नाही. उलट क्षार लावल्यास तो निळसर-हिरवा ते काळपट होतो. एका अपवादाने गृहीतक निरुपयोगी ठरले नाही, त्याची मर्यादा मात्र कळली. शिवाय बोरेट ओळखण्याची एक परीक्षा हाती आली.

भेसळ ओळखतानाही हीच सावधगिरी लागते. बाजारात हळदीची किंमत बरीचशी रंगावरून ठरते, त्यामुळे रंग चढविण्याचा मोह होतो. मेटॅनिल यलो हा खाद्यपदार्थांत निषिद्ध असलेला रंग ओळखण्यासाठी हळदपुडीच्या अल्कोहॉली अर्कात संहत हायड्रोक्लोरिक अम्ल घालतात. तांबूस-जांभळा रंग दिसताच भेसळ सिद्ध झाली असे अनेकजण समजतात; ते चूक आहे. शुद्ध हळदही संहत अम्लात तसा रंग देते, परंतु पाणी घालून विरल करताच तो नाहीसा होतो. मेटॅनिल यलोचा टिकून राहतो. शुद्ध असल्याची खात्री असलेल्या हळदीचा नमुना शेजारी ठेवल्याखेरीज ही परीक्षा करू नये.

याहून घातक भेसळ शिशाच्या क्रोमेटाची. हे पिवळे संयुग पाण्यात विरघळत नाही व त्याची घनता पाण्याच्या सहापट आहे. परंतु हळदपूडही तळाशी बसत असल्याने ‘पाण्यात टाकून पाहण्याची’ घरगुती कसोटी निर्णायक ठरत नाही. प्रयोगशाळेत हळदीची राख विरल सल्फ्यूरिक अम्लात घेऊन तीत डायफिनिल कार्बाझाइडाचा विद्राव घालतात. गुलाबी रंग आल्यास क्रोमेट असल्याचे समजते. शिसे शरीरात साठत जाते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची हानी पोहोचविते. बांगला देशात हळकुंडांना झिलई देताना हे क्रोमेट वापरले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघडकीस आले. शासकीय कारवाईनंतर बाजारातील अशा नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले.

कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे हळद जमिनीतील पेवांत साठवीत. २००५ च्या महापुरात यांतील बरीच पेवे निकामी झाली. पेवाचे तोंड बंद केल्यावर आतील कीटक व सूक्ष्मजीव श्वसनाने ऑक्सिजन वापरतात व कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. अखेर ऑक्सिजनाअभावी कीड स्वतःच मरते व माल कोणत्याही औषधाविना टिकतो. जी हवा किडीला मारते, तीच माणसालाही मारते. म्हणून पेव उघडून बराच वेळ हवा खेळू देतात आणि आत उतरण्यापूर्वी पेटता दिवा सोडून पाहतात. दिवा विझला तर उतरू नये, हे निश्चित. दिवा जळत राहिला म्हणजे हवा निर्दोष आहे, असे मात्र नाही. साध्या हवेत आकारमानाने सुमारे २१ टक्के असलेला ऑक्सिजन १७ टक्क्यांवर आला तरी ज्योत बहुधा टिकते, आणि त्याच वेळी साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड माणसास गुंगी आणण्यास पुरेसा असू शकतो. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी अधिक साठतो, म्हणून दिवा तोंडाशी न धरता थेट तळापर्यंत सोडावा लागतो.