फुटक्या पाइपाच्या पोटात नवा पाइप

लंडनच्या हॅकनी भागातली मार्श लेन मलवाहिनी १९७१ साली शंभरेक वर्षांची झाली होती. विटांची, अंड्याच्या आकाराची, निमुळतं टोक खाली. हा आकार जुन्या अभियंत्यांनी मोठ्या शहाणपणाने निवडला होता: पाणी थोडं असलं तरी तळाच्या अरुंद भागातून ते वेगाने वाहतं आणि गाळ साचू देत नाही. ती दुरुस्त करायची वेळ आली, तेव्हा एरिक वुड या अभियंत्याने रस्ता न खोदता, सुमारे ७० मीटर लांबीत, तिच्या आतच बिनजोडाची नवी वाहिनी तयार केली. बाहेर बनवलेला पाइप आत सरकवला असं नाही. पाइप आतच, जागेवर घडला. पुढे वीस आणि तीस वर्षांनी तिथल्या अस्तराचे तुकडे कापून तपासले, तेव्हाही ते ठणठणीत निघालं.

अशा कामाची आजची रीत कळली तेव्हा मी थक्क झालो. आधी वाहिनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात, सांध्यांतून घुसलेली झाडांची मुळं कापतात, कॅमेरा फिरवून भेगा पाहतात. मग येतो लायनर: पॉलिएस्टरच्या जाड फेल्टची, वाहिनीच्या मापाने शिवलेली लांबच लांब नळी. तिच्या बाहेरच्या अंगाला प्लास्टिकचा पातळ थर, आतल्या फेल्टमध्ये मुरवलेलं रेझिन. हे रेझिन उष्णतेने घट्ट होतं, म्हणून ओली नळी थंड ठेवलेल्या ट्रकमधून आणतात. वाटेत ऊन लागून ती तापली, तर गाडीतच कडक व्हायची.

आता जे होतं ते जवळून पाहावं. चेंबरवर मचाण उभारून नळीचं एक टोक उलटं दुमडून घट्ट बांधतात आणि त्या दुमडीत पाणी सोडतात. काठ धरून पायमोजा उलटा करावा, तशी नळी पाण्याच्या वजनाने उलटत चेंबरमध्ये उतरते आणि वळून वाहिनीत शिरते. उलटताना रेझिनची बाजू बाहेर येऊन जुन्या भिंतीला भिडते. प्लास्टिक आत जाऊन गुळगुळीत अंग बनतं. नळीचा कुठलाच भाग भिंतीला घासत पुढे जात नाही. टोकाशी नवा भाग उलगडत राहतो आणि जिथे उलगडला तिथेच बसतो. इतकी ओली, जड नळी ओढत नेली, तर विटांच्या कोपऱ्यांवर फाटण्याची धास्ती असते. इथे भिंतीशी घर्षणाचा प्रश्नच उरत नाही.

आणि तेच पाणी पुढचंही काम करतं. आधी नळीला भिंतीवर दाबून धरतं. मग बॉयलरमधून फिरवून ते तापवलं की रेझिनचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. या क्रियेतून सुटणारी उष्णताही मदतीला येते. काही तासांत ओल्या कापडाचा कडक पाइप होतो, पुन्हा कधीच न वितळणारा. ढकलणारं, दाबणारं आणि शिजवणारं पाणी एकच! हल्ली वाफही वापरतात, किंवा काचतंतूंच्या लायनरमधून अतिनील दिवे ओढत नेतात. माझं मन मात्र पाण्याच्या युक्तीवरच जडलं आहे.

एक अडचण उरते. नव्या पाइपाने घरांकडून येणारे जोडही बुजलेले असतात. माणूस शिरू शकणार नाही अशा पाइपात ते उघडणार कोण? कॅमेऱ्याच्या नजरेखाली चालणारं यांत्रिक कटर. जोडाच्या तोंडावर लायनरला किंचित खळी पडलेली असते. वर व्हॅनमध्ये बसलेला माणूस पडद्यावर ती खळी शोधतो आणि आतूनच भोक पाडतो. तोवर त्या घरांनी पाणी सोडायचं नाही.

अस्तरामुळे वाहिनी थोडी अरुंद होते, हे खरं. ३०० मिलिमीटरच्या पाइपात ६ मिलिमीटर जाडीचं अस्तर बसलं, तर आतला व्यास २८८ उरतो आणि क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी घटतं. पण सांधे गेले, खडबडीतपणा गेला, त्यामुळे बहुतेक वेळा पूर्वीइतकंच किंवा जास्तच पाणी वाहून जातं. गळती थांबते, हा फायदा तर त्याहून मोठा. भेगांतून आत झिरपणारं भूजल भोवतालची माती सोबत नेतं आणि रस्त्याखाली पोकळी करतं. रस्ता अचानक खचतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

मर्यादाही आहेत. नेहमीच्या रेझिनमधून स्टायरीन या रसायनाची वाफ सुटते. तिचा उग्र वास घरांत शिरू शकतो, कामगारांना तर ती अगदी जवळून सोसावी लागते. त्यांच्या बचावाची सोय नसेल तर हे काम सुरूच करू नये. शिवाय लायनर जुन्या पाइपाचा आकार जसाच्या तसा घेतो: वाहिनी मध्येच खचून पाणी तुंबत असेल, तर नव्या पाइपातही तुंबणार. पूर्ण कोसळलेल्या वाहिनीत तर नळी शिरतच नाही.

आणि जुना पाइप मुळातच लहान पडत असेल तर? त्यासाठी वेगळी युक्ती आहे, ब्रिटनमध्ये गॅसच्या बिडाच्या पाइपांसाठी निघालेली. दोन टोकांना खड्डे घेतात आणि शंकूच्या आकाराचं डोकं जुन्या पाइपातून ओढतात. ते पाइप फोडत जातं, तुकडे भोवतालच्या मातीत दाबतं आणि मागोमाग पॉलिथिलीनचा नवा पाइप खेचून आणतं. तो जुन्यापेक्षा मोठ्या व्यासाचाही असू शकतो.