कुसळांमुळे पाळीव प्राण्यांना होणाऱ्या इजा

गवताच्या बियांची टोकदार कुसळे पाळीव प्राण्यांच्या त्वचेत, कानात, डोळ्यात, नाकात किंवा तोंडात शिरल्याने होणाऱ्या जखमा व त्यांतून उद्भवणारा संसर्ग यांचा समावेश कुसळांच्या इजांमध्ये होतो. कुत्र्यांमध्ये या इजा सर्वाधिक आढळतात. मांजर, शेळी, मेंढी व गाय-बैल यांनाही त्या होतात. महाराष्ट्रात पावसाळा संपल्यावर गवत वाळू लागते, तेव्हापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ यासाठी धोक्याचा असतो. कुसळ शिरताना झालेली जखम इतकी लहान असते की ती बहुधा दिसत नाही. कुसळ आत राहून पुढे सरकत गेले, तर मात्र ते जिवावर बेतू शकते.

कुसळाची रचना व हालचाल

कुसळ म्हणजे गवताच्या फुलोऱ्यातील बीजाच्या आवरणाला फुटलेला राठ, केसासारखा तंतू. बोलीभाषेत तंतूसह संपूर्ण बीजालाच कुसळ म्हणतात. राज्यातील माळरानांवर सर्वत्र आढळणारे कुसळी गवत (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) हे याचे ठळक उदाहरण होय. त्याचा तंतू सुमारे ५ ते १० सेंटिमीटर लांब असून बीजाचा खालचा भाग सुईसारखा अणकुचीदार असतो. या टोकावर मागच्या दिशेने वळलेले ताठ केस असतात. पक्व झालेले तंतू एकमेकांत गुंतून त्यांचा दोरीसारखा पीळ बनतो.

हा तंतू कोरड्या हवेत पिळला जातो आणि ओलावा मिळताच उलगडतो. दिवसाचे ऊन व रात्रीचे दव यांमुळे ही क्रिया पुन्हापुन्हा घडते आणि बीज गिरमिटासारखे फिरत जमिनीत रुतते. स्टिपा या अशाच गवताच्या बियांच्या हालचालीचे विवेचन फ्रान्सिस डार्विन यांनी १८७६ साली केले होते. जमिनीत रुजण्यासाठी उपयोगी पडणारी ही रचना प्राण्याच्या केसांत अडकली की त्वचेकडे वळते. तंतू बहुतेक वेळा बाहेरच तुटून पडतो व टोक आत राहते. मागे वळलेल्या केसांमुळे ते उलट दिशेने येऊ शकत नाही. स्नायूंच्या प्रत्येक हालचालीबरोबर ते पुढेच जाते. गोखरू किंवा आघाड्याची फळेही प्राण्यांच्या अंगाला चिकटतात, परंतु ती केसांत अडकून राहतात, शरीरात प्रवास करीत नाहीत. कुसळाचा धोका या फरकात आहे.

अर्जुनी मोरगाव परिसर

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागातील अर्जुनी मोरगाव तालुका धानाची शेती, तलाव व पानझडी जंगल यांसाठी ओळखला जातो. नवेगावबांधचा तलाव व राष्ट्रीय उद्यान तसेच इटियाडोह धरण याच तालुक्यात आहेत. पाणी साचणाऱ्या धानाच्या बांधीत कुसळी वाढत नाही. तिला उथळ, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. त्यामुळे पडीक माळ, रस्त्याच्या कडा, तलावांच्या पाळींचे कोरडे उतार आणि वारंवार जळालेल्या जंगलाच्या कडा येथे ती फोफावते. कुसळे पक्व होण्याचा काळ नेमका धानकापणीचा असतो. कापणीला जाणाऱ्या माणसांबरोबर व गुराख्यांबरोबर फिरणारी कुत्री याच काळात दिवसभर वाळलेल्या गवतातून ये-जा करतात. गावरान कुत्र्यांचे केस आखूड असल्याने त्यांच्या अंगावर कुसळे कमी टिकतात. पायांची बोटे व कान मात्र त्यांचेही सुरक्षित नसतात. पॉमेरेनियनसारखी दाट केसांची आणि कॉकर स्पॅनियलसारखी लोंबत्या कानांची कुत्री अधिक बळी पडतात.

लक्षणे

पायाच्या बोटांमध्ये कुसळ शिरल्यास प्राणी लंगडतो व ती जागा सतत चाटतो. काही दिवसांत तेथे गाठ येते, ती फुटून पू वाहतो, भरल्यासारखी वाटते आणि पुन्हा फुटते. प्रतिजैविकांनी बरी झालेली जखम औषध थांबताच परत चिघळणे, ही आत कुसळ राहिल्याची महत्त्वाची खूण आहे. अशा जखमेवर हळद भरून ती वरून बुजवली, तरी कारण आतच राहते.

कानात कुसळ गेल्यास प्राणी एकाएकी जोरजोरात डोके झटकतो किंवा एका बाजूला कलते धरतो. नाकात गेल्यास लागोपाठ शिंका येतात व एकाच नाकपुडीतून रक्त वा स्राव येतो. शिंका थांबल्या म्हणजे कुसळ बाहेर पडले असे नव्हे. ते आणखी आत गेलेले असू शकते. डोळ्यात पापणीखाली अडकलेले कुसळ बुबुळाच्या पारदर्शक पटलाला घासून व्रण करते. म्हणीतील कुसळ मुसळाच्या तुलनेत क्षुल्लक ठरले असले, तरी प्राण्याच्या डोळ्याच्या बाबतीत ते तसे नसते.

श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेले कुसळ सर्वांत घातक होय. त्याने खोकला व ताप येतो, छातीत पू साचतो. काही वेळा ते श्वासपटलाच्या बाजूने सरकत कमरेच्या मणक्यांपर्यंत पोहोचते व तेथे संसर्ग निर्माण करते.

गुरे व शेळ्यांमध्ये वाळलेल्या चाऱ्यातील कुसळांनी हिरड्या व जीभ सोलवटते. अशा जखमांतून जंतू शिरून जबड्याला गाठ येणे किंवा जीभ लाकडासारखी कडक होणे हे विकार उद्भवतात. केवळ लाळ गळते म्हणून लाळ्या खुरकूत समजण्यापूर्वी तोंड उघडून पाहणे आवश्यक असते. मात्र खुरांतही फोड असल्यास त्या रोगाची शक्यता अधिक असते.

निदान व उपचार

वनस्पतिजन्य असल्याने कुसळ साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. पशुवैद्य कान व नाक दुर्बिणीने तपासतात, मऊ भागातील कुसळ सोनोग्राफीने शोधतात. छाती किंवा पाठीच्या प्रकरणांत सीटी स्कॅन लागू शकतो. अनेकदा प्राण्याला भूल देऊनच कुसळ काढावे लागते. तालुक्याच्या दवाखान्यात ही साधने नसल्यास नागपूरला जावे लागते. तेथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

कुसळाचे टोक बाहेर दिसत असेल, तरच ते चिमट्याने, शिरले त्याच रेषेत हळूहळू ओढावे. ते दिसत नसल्यास जखम कोरू नये. कानात तेल किंवा पाणी घालणे टाळावे, कारण पडदा फाटलेला असल्यास ते मध्यकर्णात जाते. घरात उरलेले स्टेरॉइडयुक्त थेंब डोळ्यात घातल्यास व्रण वाढू शकतो.

प्रतिबंध

शेत किंवा माळावरून परतल्यावर लगेच प्राण्याचे अंग विंचरून बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतील बाजू, पापण्या, काखा, जांघा व गळपट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रुतण्याआधी कुसळ नुसत्या हाताने निघते. पावसाळ्याच्या अखेरीस बोटांमधील व कानाभोवतीचे केस कातरल्यास तपासणी सोपी होते. अंगणातील गवत फुलोऱ्यापूर्वी कापावे. पक्व झाल्यावर कापल्यास कुसळे जागीच विखुरतात, म्हणून कापलेले गवत गोळा करून हलवावे लागते.

चाऱ्याच्या बाबतीतही कापणीची वेळ निर्णायक ठरते. कोवळ्या अवस्थेतील कुसळी गवत गुरे आवडीने खातात; कुसळे धरल्यावर ते चाऱ्यासाठी निकृष्ट ठरते आणि मुख्यतः छपरे शाकारण्यासाठी वापरले जाते.